बेसबॉलमध्ये एखाद्या संघाने सलग किती सामन्यांत होम रन मारलाय? आणि त्याचं एवढं कौतुक का?

आकडा आधी सांगून टाकतो: 31. संघ न्यूयॉर्क यांकीज, साल 2019. 26 मे ते 30 जून या काळात ते जेवढे सामने खेळले, त्या प्रत्येकात त्यांच्या कुणा ना कुणा फलंदाजाने निदान एक तरी होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाच्या भिंतीपलीकडे टोलवला. अमेरिकेतल्या मेजर लीगचा हा विक्रम. त्याआधी 27 सामन्यांचा विक्रम टेक्सस रेंजर्सच्या नावावर होता, 2002 पासून.

पण तुमची खरी शंका पुढे आहे. तुम्ही लिहिलंय, "आयपीएलमध्ये प्रत्येक संघ प्रत्येक सामन्यात षटकार मारतोच, मग यात विशेष काय?" रास्त प्रश्न आहे. नोकरीसाठी न्यू जर्सीला गेलो तेव्हा पहिलं वर्षभर मीही हेच म्हणत होतो आणि ऑफिसातल्या लोकांची तोंडं वाकडी होत होती.

षटकार कुठेही मारता येतो. समोर, स्क्वेअर लेगला, बॅटची कड लागून यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून गेला तरी सहा धावा. बेसबॉलमध्ये फलंदाजासमोर फक्त काटकोनाएवढं मैदान असतं. त्याच्या बाहेर चेंडू कितीही लांब गेला तरी तो फाउल, धाव शून्य. बॅट गोल, चेंडू टप्पा न पडता ताशी दीडशेच्या आसपास येतो आणि शेवटच्या क्षणी वळतो किंवा खाली बसतो. संपूर्ण सामन्यात एका संघाच्या फलंदाजांना मिळून साधारण 38 वेळा उभं राहायला मिळतं. 2019 हा होम रनचा सगळ्यात पिकाचा मोसम, 30 संघांनी मिळून 6,776 मारले. तरीही हिशोब केला तर 27-28 वेळा फलंदाज उभा राहिला की एक होम रन, असंच प्रमाण येतं. म्हणजे सरासरी संघाचा सामन्याला जेमतेम दीड. आणि ते रोज दीड-दीड करून येत नाहीत. एका दिवशी चार, मग दोन दिवस ठणठणाट.

विक्रम मोडला तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी तो पाहिलाच नाही. 25 जून, टोरंटो ब्लू जेजविरुद्धचा सामना, सलग 28 व्या सामन्यात होम रन हवा होता. संध्याकाळी सातला सामना सुरू होतो. मी म्हटलं, प्रत्येक संघाला नऊ छोटे डाव असतात, आरामात होईल, तोवर कुकर लावू. डाळ-तांदूळ धुऊन शिट्टी लावतोय तोच बाहेरून माझा नाशिकचा रूममेट ओरडला, "अरे गेला, गेला!" यांकीजचा पहिलाच फलंदाज डीजे लमेह्यू, आणि त्याने मारला. बॅटिंगला आल्या आल्या विक्रम झाला होता. मी ओल्या हाताने बाहेर येऊन रीप्ले बघेपर्यंत पुढच्या फलंदाजाने, आरन जजने, आणखी एक मारला. दोन्ही मी रीप्लेवरच पाहिले. कुकरच्या तीन शिट्ट्या मात्र लाइव्ह ऐकल्या.

त्या मोसमात यांकीजचा अर्धा संघ दवाखान्यात होता, हे इथे सांगायलाच हवं. जज एप्रिलपासून बाहेर, तो 21 जूनला परतला. जानकार्लो स्टँटन आला नि पुन्हा जखमी झाला. वर्षभरात 30 वेगवेगळे खेळाडू दुखापतींच्या यादीत गेले. त्यामुळे होम रन मारत होते ते जिओ अर्शेला, माइक टॉकमन, कॅमरन मेबिन अशी माणसं, ज्यांची नावं मार्चमध्ये कुणी घेतली नसती. सलग 31 सामने हे एका हिरोचं काम नव्हेच. एक गप्प असला की दुसऱ्याने मारायचं, एवढीच गंमत.

शेवटचे दोन सामने तर लंडनमध्ये झाले, बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध. युरोपच्या भूमीवरचे हे मेजर लीगचे पहिले सामने. ऑलिम्पिकच्या स्टेडियममध्ये बेसबॉलचं मैदान बसवलेलं, मधली भिंत फक्त 385 फुटांवर. पहिल्या डावातच दोन्ही संघांच्या प्रत्येकी सहा धावा, दोन्हीकडच्या मुख्य पिचरांना (चेंडू टाकणाऱ्यांना) तो डावही पुरा करता आला नाही, आणि चार तास 42 मिनिटांनी निकाल 17-13. असल्या मैदानावर होम रनचा प्रश्न नव्हताच. परत आल्यावर 2 जुलैला न्यूयॉर्कमधल्याच मेट्सने 4-2 ने हरवलं आणि त्या दिवशी यांकीजचा एकही चेंडू भिंतीपलीकडे गेला नाही. मालिका संपली.

आता माझं मत. मला 31 पेक्षा जुना, सलग 25 सामन्यांचा विक्रम जास्त मोठा वाटतो. तोही यांकीजचाच, जून 1941 मधला. त्यांचा गाजलेला फलंदाज जो डिमॅजिओ सलग 56 सामन्यांत हिट मारत होता ना (हिट म्हणजे चेंडू टोलवून बाद न होता निदान पहिला टप्पा गाठणं), त्याच दिवसांत हेही चालू होतं, आणि 56 च्या गाजावाजात ते झाकलं गेलं. त्या वर्षी यांकीजच्या तीन आउटफिल्डर्सनी (मैदानाच्या मागच्या भागात उभे राहणाऱ्या क्षेत्ररक्षकांनी), चार्ली केलर, टॉमी हेनरिक आणि डिमॅजिओ यांनी, अनुक्रमे 33, 31 आणि 30 होम रन मारले. पण संपूर्ण संघाचे मोसमाचे होम रन किती? 151. सामन्याला एकसुद्धा धड पडत नाही. 2019 च्या यांकीजचे 162 सामन्यांत 306, म्हणजे जवळपास दुप्पट.

मी एकदा रविवारी कागद घेऊन ढोबळ शक्यता काढली. सामन्याला 1.9 होम रन मारणारा संघ एखाद्या दिवशी कोरडा राहण्याची शक्यता साधारण 15 टक्के. त्या हिशोबाने ओळीने 31 सामने पार पडण्याची शक्यता हजारात सहा. 1941 च्या संघासाठी कोरड्या दिवसाची शक्यता 37 टक्क्यांच्या वर जाते, आणि ओळीने 25 ची शक्यता सव्वा लाखात एक अशी काहीतरी येते. फलंदाज फॉर्मात असले, हवा गरम असली की महिन्याचं प्रमाण मोसमापेक्षा वर जातं, हे मान्य. जुन्या यांकी स्टेडियममध्ये उजवीकडची कुंपणरेषा अवघ्या 296 फुटांवर होती, डावखुऱ्या केलर-हेनरिकला ते सोयीचं, हेही मान्य. तरी फरक केवढा आहे बघा. (उजव्या हाताच्या डिमॅजिओच्या वाट्याला मात्र डावीकडचं 457 फुटांचं मैदान. त्याने तिथे मारलेले किती चेंडू झेल होऊन संपले असतील!)

2019 मध्ये चेंडूही वेगळा वागत होता. बेसबॉलचा चेंडू कोस्टा रिकामध्ये हाताने शिवतात, लाल दोऱ्याचे 108 दुहेरी टाके. माझ्याकडे एक आहे. रूममेट तो हातात धरून जपमाळ ओढल्यासारखं करायचा. तर त्या टाक्यांची शिवण किंचित बसकी झाली की हवेचा अडथळा कमी होतो आणि भिंतीजवळ झेल व्हायचा चेंडू भिंतीवरून जातो. लीगने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने डिसेंबर 2019 मध्ये हेच सांगितलं: अडथळा कमी झालाय, आणि शिवणीची उंची हे त्यामागचं एक कारण आहे. शिवाय फलंदाजही मुद्दाम वर उचलून मारायला लागले होते.

सलग होम रन म्हणजे सलग विजय, असं मात्र समजू नका. 27 वाले रेंजर्स त्या वर्षी 72 जिंकून 90 हरले आणि आपल्या गटात तळाला राहिले, संघात 57 होम रन मारणारा अलेक्स रॉड्रिगेझ असूनही. 2019 मध्येच सिअ‍ॅटल मरिनर्सने मोसमाच्या पहिल्या 20 च्या 20 सामन्यांत होम रन मारला, सुरुवातीपासूनचा तो विक्रम. शेवटी 94 सामने हरले. यांकीजच्या 306 चंही तसंच: मिनेसोटा ट्विन्सने 307 मारून एकाने मोसमाचा विक्रम नेला.

आणि यांकीजचं पुढे काय झालं तेही सांगतो. ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनविरुद्ध, हरलं की घरी अशा सामन्यात, नवव्या डावात त्यांना बरोबरीसाठी दोन धावा हव्या होत्या. लमेह्यूनेच होम रन मारून 4-4 केलं. त्या वेळी मी स्वयंपाकघरात नव्हतो, डोळ्यांनी पाहिला. काही मिनिटांनी ह्यूस्टनच्या होसे अल्टूवेने एका फटक्यात दोन धावा काढून सामना आणि यांकीजचा मोसम दोन्ही संपवले. होम रनच.