जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला आमदारकी लढवायची तर नोकरी सोडावी लागते का? आणि शिकवण्याचा तिथे काही उपयोग होतो का?

हो, सोडावी लागते. बिनपगारी रजा टाकून भागत नाही. शिक्षक मतदारसंघ डोक्यात असेल तर तेही ऐका: विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांच्या, पण तिथे मत फक्त माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. पहिली-दुसरीच्या पोरांना अक्षर ओळखायला लावणाऱ्याला मत नाही. उलट उमेदवार मात्र शिक्षक नसला तरी चालतो. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे.

आमचे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवायचे. १९६७ साली लागले, १९८५ ला राजीनामा देऊन विधानसभेला उभे राहिले आणि निवडून आले. १९९० ला पडले. पाच वर्षांची आमदारकी, एवढीच. त्याच सभागृहात एन. डी. पाटील होते, तेही एके काळी प्राध्यापकी केलेले. ते बोलायला उभे राहिले की अण्णा वही काढून बसत.

अधिवेशन संपवून अण्णा घरी आले की पिशवीतून प्रश्नोत्तरांच्या छापील याद्या निघायच्या. तुम्ही त्या पाहिल्या असतील. ‘हे खरे आहे काय?’ असा प्रश्न आणि खाली उत्तर, ‘अंशतः खरे आहे’, नाहीतर ‘प्रश्न उद्भवत नाही’. अण्णा कंदिलाजवळ बसून त्या याद्या लाल पेनाने तपासायचे, अगदी सहामाहीचे पेपर तपासावेत तसे. ‘प्रश्न उद्भवत नाही’खाली रेघ मारून म्हणायचे, "चौथीतल्या पोराने असं लिहिलं असतं तर मी त्याला पुन्हा लिहायला बसवलं असतं."

एका वस्तीवरच्या शाळेची भिंत पावसात पडली होती. उत्तरात लिहून आलं, ‘पर्यायी व्यवस्था करण्यात आली आहे’. दुसऱ्या दिवशी अण्णा मला घेऊन तिथे गेले, मी सातवीत होते. पर्यायी व्यवस्था म्हणजे मारुतीच्या देवळाचा ओटा. अण्णांनी टेप लावून ओटा मोजला, पोरं मोजली, एक्केचाळीस भरली. एकच गुरुजी, चार इयत्ता. मी आकडे लिहून घेत होते. पुढच्या अधिवेशनात त्यांनी तेच आकडे उपप्रश्नात वाचून दाखवले. एक खोली वर्षभराने झाली. दुसरी खोली आणि दुसरा शिक्षक खडू-फळा योजनेत आले, ती योजना १९८७ ला निघाली. अण्णांमुळेच सगळं झालं असं मी म्हणणार नाही. पण उत्तर आलं म्हणजे काम झालं असं न मानणारा माणूस तिथे लागतो, आणि ती सवय वर्गातच लागते. भाषण काय, कुणीही शिकतो.

माझ्या थोरल्या भावाला हे पटत नाही. दादाचं म्हणणं, अण्णांनी अठरा वर्षांची नोकरी पाण्यात घातली. नियम त्याच्या बाजूने आहे, ते कबूल करते. राजीनामा दिला की पेन्शनसाठी मागची सेवा धरत नाहीत. आणखी दोन वर्षं काढली असती तर वीस भरून स्वेच्छानिवृत्ती घेता आली असती. १९९० नंतर आमच्या घरात ओढाताण झाली, आईने शिवणाची मशीन घेतली. पण दादा, निवडणूक काही अण्णांची वीस वर्षं भरायची वाट बघत नव्हती! लोक बोलवायला आले ते १९८५ ला. १९८७ ला कोण आलं असतं? शिवाय त्यांनी बदलीच्या शिफारशीवर सही करायला नकार दिला म्हणून मामा चार वर्षं आमच्याकडे आला नाही. दादा तेही अण्णांच्याच खाती नुकसान म्हणून मांडतो. मी नाही मांडत.

तुम्ही लिहिलंय की २००८ ला लागलात. म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतरचे, जुनी पेन्शन तुम्हाला तशीही लागू नव्हती. तेव्हा दादासारखं कुणी तुम्हाला वीस वर्षांचा हिशोब सांगायला आलं तर तो तुम्हाला अण्णांसारखा लागू पडत नाही. मात्र उपदानाचं (म्हणजे ग्रॅच्युइटीचं) आणि पेन्शन खात्यात साठलेल्या रकमेचं काय होतं ते आधी लेखी विचारून घ्या, त्यात माझा शब्द धरू नका. घरात कमावणारं दुसरं कुणी नसेल तर दहा वेळा विचार करा. आमच्याकडे नव्हतं.

आणि राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र हातात पडल्याशिवाय निर्धास्त राहू नका. अण्णांचं पत्र कार्यालयात अडकलं होतं, अर्जाच्या छाननीच्या आदल्या संध्याकाळी मिळालं. ते आणायला बावीस किलोमीटर सायकल मारत दादाच गेला होता.