आठ दिवस ठेवायचं, पण कुठे?

प्रश्न : सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. स्मृतिभ्रंश आहे, वॉकर धरून जेमतेम चार पावलं टाकतात. दिवसा ब्युरोची बाई असते, रात्र माझी. मे महिन्यात गावी कार्य होतं म्हणून त्यांना शहराबाहेरच्या एका केअर होममध्ये आठवडाभर ठेवलं. जागा चकचकीत, पुढे बाग. परत आणलं तेव्हा माकडहाडाशी कातडी सोलवटलेली, कवळी गायब आणि पुढचे दोन दिवस त्या नुसत्या झोपून. जाब विचारला तर म्हणाले, ‘या वयात असं होतंच.’ आता डिसेंबरात लेकीच्या बाळंतपणाला बंगळुरूला जायलाच हवं. नणंदबाई म्हणतात, ‘आईला पुन्हा असं कुठे टाकायचं नाही.’ स्वतः मात्र ठेवून घेत नाहीत. जागा पारखायची कशी?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : ताई, लेकीकडे जा. त्यात अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही. ज्या बाईची रोजची रात्र जागरणात जाते, तिला चार दिवस सुटका मिळाली नाही तर आज ना उद्या घरात दोन पेशंट होतात. वॉर्डात नोकरी करताना अशा सुना आणि लेकी मी पुष्कळ पाहिल्या.

‘या वयात असं होतंच’ हे मात्र मला साफ नामंजूर आहे. वयामुळे कातडी नाजूक होते हे खरं, पण ती सोलवटते एकाच जागी तासन्‌तास दाब पडल्याने. हाड आणि गादी यांच्यात कातडी दबते, तिथला रक्तपुरवठा अडतो, त्यात ओला डायपर असला की काम आणखी लवकर बिघडतं. ज्यांना स्वतःहून वळता येत नाही त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते आणि रात्रही त्यात आली. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही, असं सांगणाऱ्यांना दुरून नमस्कार करावा. जखमेची पहिली खूण म्हणजे बोटाने दाबल्यावरही न जाणारी लाली. आपल्याकडच्या सावळ्या रंगावर ती चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळपट लागते. आंघोळ घालणाऱ्या मावशीला एवढं कळत असेल तर निम्मी जखम तिथेच टळते.

झोपेबद्दल मला जास्त काळजी वाटते. कदाचित अंगात पाणी कमी पडलं असेल, लघवीचा जंतुसंसर्ग असेल. पण रात्री ओरडतात, उठून चालायला लागतात म्हणून झोपेची किंवा मन शांत करण्याची गोळी देऊन टाकणारी ठिकाणं असतात. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना अशी काही औषधं दिली की मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला होता. म्हणून दाखल करतानाच लेखी घ्या : तुम्हाला फोन केल्याशिवाय आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नवीन गोळी नाही.

आता जागा. बाग बघू नका, सासूबाई काही बागेत झोपणार नाहीत. रात्री साडेआठ-नऊच्या सुमाराला, न सांगता जा. आत सोडत नसतील तर उत्तर मिळालं. सोडलं तर विचारा, रात्री किती जणांमागे किती माणसं जागी असतात? ‘असतात’ नव्हे, ‘जागी असतात’. नाईट ड्युटीची मावशी कॉरिडॉरमध्ये पांघरूण घेऊन आडवी दिसली की काय ते समजा. दुसरी खेप जेवणाच्या वेळी करा. भरवणारी बाई समोर बसून छोट्या चमच्याने भरवते, की उभ्याउभ्या घास कोंबते? जेवल्यावर अर्धा तास तरी त्यांना बसतं ठेवतात का? नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही.

मग कूस बदलल्याची नोंदवही मागा. मी नेहमी शाई बघते. दोन, चार, सहा, आठ असे रात्रभराचे आकडे एकाच पेनाने, एकाच दमात, एकाच तिरप्या अक्षरात असतील तर ते सकाळी चहाबरोबर भरलेले आहेत. खऱ्या वहीत वेळ २:१०, ४:२५ अशी असते, मध्ये खाडाखोड असते, कुठेतरी ‘नको म्हणाल्या’ लिहिलेलं असतं.

आणि चांगलं केअर होम तुम्हालाच पिडतं. आजींना कुठली हाक मारायची, ऐकू कुठल्या कानाने येतं, पाणी मागून पितात की समोर धरावं लागतं, संध्याकाळी घाबरतात का, असं सगळं विचारतं. डिपॉझिटचा चेक आणि आधार कार्डाची झेरॉक्स एवढ्यावर ज्यांचं समाधान होतं, त्यांच्याकडे ठेवू नका.

डिसेंबरच्या आधी एक-दोन रात्री ठेवून बघा. नुसत्या जागाबदलानेही अशा माणसांचा गोंधळ वाढतो, ते तुम्ही इथे असताना कळलेलं बरं. दिवाळीत मात्र नको, तेव्हा निम्म्या मावश्या गावी गेलेल्या असतात. सोडताना पाठ, कंबर आणि टाचा त्यांच्या सिस्टरसमोर बघा, फोटो काढा, वजन लिहून दोघींच्या सह्या घ्या. कवळीच्या डबीवर नाव. परत आणताना हेच सगळं दारातून निघण्याआधी.

कायद्याचा आधार अपुरा आहे. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुख्यतः मुलांनी आईवडिलांना पोसण्याबद्दल आहे. अशा खासगी घरांच्या नोंदणीची तरतूद असलेलं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. तरी मे महिन्यातल्या प्रकाराबद्दल त्या जागेला लेखी तक्रार द्या, औषधांच्या नोंदींची प्रत मागा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, तिथेही सांगा.

राहता राहिल्या नणंदबाई. पुण्यातच असतील तर तुमच्या गैरहजेरीत त्यांनी दर दोन दिवसांनी, वेळ बदलून, आईकडे जायचं आणि पाठ बघून तुम्हाला फोन करायचा. हे काम सुनेपेक्षा लेकीने मागितलं तर केअर होमवाले नाही म्हणायला जास्त कचरतात.