साय-फाय रोलप्लेइंग गेममधलं रिॲक्शनलेस ड्राइव्ह (काहीही मागे न फेकता यान पुढे ढकलणारं काल्पनिक इंजिन) फक्त संवेगाचा नियम मोडतं का?

नाही, ऊर्जेचाही मोडतं, आणि गेममध्ये खरी भानगड तिथेच होते. इंजिन यानातल्या रिॲक्टरची ठरावीक वीज खाऊन सतत 1 जी (पृथ्वीच्या गुरुत्वाएवढं) त्वरण देत असेल, तर खर्च होणारी ऊर्जा वेळेच्या पटीत वाढते, पण यानाची गतिज ऊर्जा वाढते वेगाच्या वर्गाच्या पटीत. त्यामुळे एका वेगापुढे (इंजिनाच्या शक्तीच्या दुपटीला बलाने भागा, तो वेग मिळेल) रिॲक्टरने दिली त्याहून जास्त ऊर्जा यानात दिसते. फुकटातलं पॉवरहाऊस! हा शाळेतल्याच सूत्रांचा हिशोब आहे. आता 1,000 टनांचं साधं मालवाहू यान घ्या: 1 जी ने साधारण 35 दिवसांत ते प्रकाशाच्या 10 टक्के वेगाला पोचतं, आणि ग्रहावर आदळलं तर सुमारे 1 लाख मेगाटन टीएनटीएवढा दणका. खेळाडूंच्या हे लक्षात यायच्या आत गेममास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) वेगाला मर्यादा घातलेली बरी. फोटॉन रॉकेट मात्र रिॲक्शनलेस ड्राइव्हमध्ये धरू नका. ते इंधनाचा झोत सोडत नसलं तरी प्रकाश मागे फेकतं, म्हणून दोन्ही नियम पाळतं. फक्त 1 न्यूटन बलासाठी त्याला जवळपास 300 मेगावॉट लागतात.