नुवारा एलिया: कँडीहून एका दिवसात नको, दोन रात्री ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीत मुंबईहून सहा दिवस श्रीलंका, सोबत सत्तरीचे आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी. मुक्काम कँडीला ठेवून नुवारा एलिया हे डोंगरातलं गाव एका दिवसात होईल का, कँडी-एल्ला मार्गावरच्या त्या प्रसिद्ध डोंगरी रेल्वेचं तिकीट कसं मिळवायचं आणि शाकाहारी माणसांनी तिथे खायचं काय.

एका दिवसात जाऊन येता येतं, पण तसं करू नका. कँडीहून रस्त्याने अंतर 75-80 किलोमीटर असलं तरी सगळा वळणांचा घाट आहे. तीन तास धराच. वाटेत दोन ठिकाणी थांबलात की पोहोचेपर्यंत दुपारचा एक वाजतो. आणि या गावाची खरी वेळ सकाळी दहापर्यंतची. त्यानंतर ढग चढायला लागतात आणि दुपारी बऱ्याचदा धुकं किंवा पावसाची भुरभुर असते. म्हणजे तुम्ही पोहोचता तेव्हा बघण्यासारखं बरंचसं झाकून गेलेलं असतं, आणि दोनच तास थांबून तोच घाट परत उतरायचा. आई-बाबांचे सहा तास गाडीतच जातील. दोन रात्री राहिलात तर दोन पूर्ण सकाळी हाताशी येतात आणि सगळा फरक त्या दोन सकाळींचाच आहे.

तुमच्या सहा दिवसांत हे सहज बसतं: पहिली रात्र कँडी, मग नुवारा एलियाला दोन, पुढच्या एल्ला या डोंगरी गावाला एक आणि शेवटची रात्र विमानतळाजवळ नेगोंबोला. एल्लाहून खाली यायला रस्त्याने सहा-सात तास लागतात, म्हणून परतीचं विमान आणि हा प्रवास एकाच दिवशी ठेवू नका.

आधी थंडीचं बोलू, कारण सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. श्रीलंका म्हणजे समुद्रकिनारा आणि घाम, असं धरून लोक सुती कपड्यांवर येतात. नुवारा एलिया 1,868 मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे हे अख्खं गाव कळसूबाईच्या माथ्याहूनही दोनशेवीस मीटर उंच. महाबळेश्वरच्या अंदाजाने बॅग भरलीत तर आई-बाबा रात्रभर कुडकुडतील. फेब्रुवारीत दिवसा ऊन छान असतं, वीस अंशांच्या आसपास. रात्री मात्र पारा दहाच्या खाली जातो आणि जानेवारी-फेब्रुवारीत काही पहाटे गवतावर हिमकणही दिसतात. प्रत्येकी एक जाड स्वेटर, एक वारा अडवणारं जाकीट, कानटोपी आणि मोजे घ्याच. एकच जाडजूड कोट नेण्यापेक्षा दोन-तीन थर बरे, कारण नऊ वाजता ऊन लागलं की एकेक काढावा लागतो.

हॉटेल ठरवताना फोटोंपेक्षा चार गोष्टी विचारा. खोलीत हीटर आहे का आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का. गरम पाणी चोवीस तास आहे की ठरावीक वेळीच. जादा ब्लँकेट मिळेल का. आणि खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत. बरीच हॉटेलं उतारावर बांधलेली आहेत आणि लिफ्ट सगळीकडे नसते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. जुन्या इमारतींत तळमजल्याच्या खोल्यांना ओल असते, अंथरूण दमट लागतं. वरचा मजला आणि सकाळचं ऊन येणारी खिडकी मागा. एप्रिलचा मध्य तुमच्या वाटेत येत नाही हे बरं आहे. सिंहली-तमिळ नववर्ष 13-14 एप्रिलला असतं, तेव्हा फुलांचं प्रदर्शन, घोड्यांच्या शर्यती आणि निम्मा कोलंबो एकदमच तिथे येतो. खोल्यांचे दर कित्येक पटींनी चढतात.

जाताना कँडीहून गाडीने जा, रेल्वेने नाही. कारण वाटेतली ठिकाणं रस्त्यावर आहेत: रंबोड्याचे धबधबे, तिथलंच चिन्मय मिशनचं हनुमान मंदिर, आणि वर चढल्यावर लाबुकेली चहामळा. मुलीला गाडी लागत असेल तर निघण्याआधी अर्धा तास गोळी द्या, रंबोड्यापासून पुढची वळणं एकापाठोपाठ एक आहेत. गाडी चालकासकट घ्या आणि चालकाच्या राहण्या-जेवणाचा खर्च कोणाकडे, हे आधीच ठरवून टाका. पुष्कळ हॉटेलांत चालकांसाठी वेगळी खोली असते. उतरताना तो चढाच्याच गिअरमध्ये गाडी ठेवतोय ना, तेवढं बघा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ते तापतात आणि पकडेनासे होतात. या घाटांतले अपघात बहुतेक उतारावरचे आहेत.

रेल्वे नुवारा एलियाहून पुढे एल्लाला जाताना करा. कँडी ते एल्ला सलग सहा-सात तास आई-बाबांना झेपणार नाहीत, आणि सर्वात देखणा टप्पा शेवटचाच आहे. गावात स्टेशन नाही. स्टेशन नानुओया, गावापासून आठ-नऊ किलोमीटर खाली; अर्धा तास धरून निघा. तिथून एल्ला पावणेतीन तासांच्या आसपास, पण गाडी तासभर उशिरा येणं नेहमीचंच. पट्टीपोळा हे 1,891 मीटरवरचं देशातलं सर्वात उंच स्टेशन याच वाटेवर लागतं. त्यापुढचा बोगदा ओलांडला की कधीकधी हवाच बदलते: अलीकडे भुरभुर, पलीकडे लख्ख ऊन. इडलगशिन्ना भागात रूळ डोंगराच्या धारेवरून जातात, त्यामुळे दोन्ही बाजूंना दरी दिसते. उजवीकडची जागा की डावीकडची, यात फार जीव अडकवू नका. सामान गाडीत ठेवा. चालक रस्त्याने एल्ला स्टेशनवर येऊन थांबतो, तिकडे ही पद्धत रूढ आहे. आणि एक: फोटोंत दिसणारा तो नऊ कमानींचा रेल्वे पूल एल्लाच्या पुढे, डेमोदराच्या बाजूला आहे. एल्लाला उतरलात तर गाडीतून तो लागत नाही, चालत जाऊन बघावा लागतो.

तिकिटं श्रीलंका रेल्वेच्या आरक्षण संकेतस्थळावर प्रवासाच्या 30 दिवस आधी खुली होतात आणि हंगामात काही मिनिटांत संपतात. खुली होण्याच्या दिवशी सगळ्यांचे पासपोर्ट नंबर समोर ठेवून बसा. तुमच्या कुटुंबासाठी दुसऱ्या वर्गाची आरक्षित जागा उत्तम, कारण खिडक्या उघडतात. वातानुकूलित पहिल्या वर्गात काच बंद असते आणि फोटोत आपलंच प्रतिबिंब येतं. आरक्षण हुकलं तर त्याच दिवशी खिडकीवर अनारक्षित तिकीट मिळतं. मात्र आई-बाबांना तीन तास उभं राहावं लागेल. तसं करण्यापेक्षा गाडीनेच जा, तो रस्ताही सुंदर आहे. दारात लटकून फोटो काढणारे खूप दिसतील. कातळ आणि बोगद्याच्या भिंती डब्याला अगदी चिकटून जातात, मुलीला दाराजवळ जाऊ देऊ नका. शिवाय नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस दितवाह चक्रीवादळात या डोंगरी भागात मोठ्या दरडी कोसळल्या, रस्ते आणि रेल्वे दोन्हींचं नुकसान झालं. त्यामुळे तिकिटावर आधारलेला बेत आखण्याआधी नानुओया-एल्ला टप्प्यावर गाड्या धावताहेत ना, हे तपासून घ्या.

आता त्या दोन सकाळी. एक सकाळ हॉर्टन प्लेन्स या उंच पठारावरच्या राष्ट्रीय उद्यानाला द्या, पण आई-बाबांना न नेता. गोलाकार पायवाट साधारण नऊ किलोमीटर, तीन-साडेतीन तास, मध्ये दगडधोंडे आणि निसरडे उतार. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मधूनच परत फिरायचं म्हटलं तरी चालतच यावं लागतं. चालायची सवय असेल तर आठ वर्षांची मुलगी आरामात करते. पहाटे पाचला निघा, अंतर तीसेक किलोमीटर. दार सहाला उघडतं आणि तिकिटाला रांग असते. परदेशी पाहुण्यांचं तिकीट महाग आहे. पासपोर्ट जवळ ठेवा आणि सार्क देशांसाठी वेगळा दर आहे का, हे खिडकीवर विचारा.

पायवाटेच्या तोंडाशी पिशव्या तपासतात. वेफर्सची पाकिटं फोडून कागदात ओतून देतात, पाण्याच्या बाटलीवरचं प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा सोलून काढतात. हे योग्यच आहे, कारण तिथली सांबरं प्लास्टिक खातात आणि मरतात. खाऊ आदल्या रात्रीच डब्यात किंवा कापडी पिशवीत भरा, म्हणजे रांगेत खोळंबा नको. सांबरं गाड्यांच्या थांब्यापर्यंत येतात. त्यांना काहीही भरवू नका. आत गेल्यावर आधी वर्ल्ड्स एंडचा कडा गाठा, बेकर्स फॉल्स परतीच्या वाटेवर. उलट फिरलात तर धबधबा तसाच राहील, पण कड्यावर पोहोचेपर्यंत ढग येतील आणि समोर फक्त पांढरी भिंत उरेल. कडा जवळपास 880 मीटरचा आहे. मुलीचा हात सोडू नका. पहाटे हातमोजे लागतात, दहा वाजता टोपी आणि सनस्क्रीन. थंडीमुळे ऊन जाणवत नाही आणि कातडी भाजते. फार उशीर झाला आणि ढग चढलेलेच असतील तर तिकिटाचे पैसे घालू नका.

तोवर आई-बाबांना निवांत झोपू द्या. दुसरी सकाळ सगळ्यांनी मिळून बदुल्ल्याच्या रस्त्याने. गावापासून पाचेक किलोमीटरवर सीता एलियाचं सीता अम्मन मंदिर. इथेच अशोकवन होतं अशी श्रद्धा आहे. मंदिराला लागून ओढा वाहतो आणि त्याच्या कातळातले खळगे मारुतीच्या पायाचे ठसे मानले जातात. मंदिर लहान आहे, भव्य काही मनात धरून जाऊ नका. ओढ्याकाठी दहा मिनिटं बसा, बाबांना तेच आवडेल. तिथून तेवढंच पुढे हकगला बाग. 1861 साली सिंकोना लावण्यासाठी, म्हणजे हिवतापावरच्या क्विनीनसाठी, ती सुरू झाली. खालच्या सपाट भागात गुलाब आणि बाकं आहेत, ज्येष्ठांनी तेवढाच भाग करावा.

चहाचा कारखाना मात्र चुकवू नका, आणि फेब्रुवारी त्यासाठी नेमका महिना आहे. जानेवारी ते मार्चच्या कोरड्या, थंड वाऱ्यात इथल्या पानाला सर्वात चांगला वास येतो. कारखाना सकाळी बघा आणि रविवार किंवा पौर्णिमा टाळा. त्या दिवशी तोड नसते, यंत्रं बंद दिसतात. आत शिरताना आधी हिरव्या, ओलसर गवतासारखा वास येतो. वरच्या मजल्यावर लांबलचक जाळीच्या हौदांत पानं पसरून खालून हवा सोडतात. रात्रभरात पान कोमेजून मऊ पडतं, वजन जवळपास निम्म्यावर येतं. मग मळणं: पान चुरगळून आतला रस हवेला लागतो आणि हिरवा रंग तांबूस होतो. तो रंग नेमका कुठे थांबवायचा, यावर सगळी चव ठरते. पुढे गरम हवेत सुकवणं आणि चाळण्या. बीओपी (ब्रोकन ऑरेंज पेको), ओपी (ऑरेंज पेको) ही नावं पानाच्या आकाराची आहेत, दर्जाची नव्हेत. मोठं पान म्हणजे चांगला चहा असं समजून जास्त पैसे देऊ नका. नुवारा एलियाचा चहा फिका, सोनेरी आणि सुगंधी. दोनशे मिलिलिटर उकळत्या पाण्याला अडीच ग्रॅम, तीन मिनिटं, दूध न घालता. आपल्या पद्धतीने दुधात उकळलात तर त्यात काहीच उरणार नाही. घरच्या चहासाठी सखल भागातला, रुहुनाचा कडक चहा घ्या. मळ्यात पानं तोडणाऱ्या बायका बहुतेक तमिळ आहेत. फोटोआधी विचारा, ‘अक्का’ म्हटलेलं त्यांना कळतं.

गावात गुलाबी विटांचं जुनं पोस्ट ऑफिस आणि पक्ष्यांसाठी व्हिक्टोरिया पार्क, एवढं पुरे. ग्रेगरी तलावावर संध्याकाळी अर्धा तास फिरा. बोटीत पैसे घालवण्यासारखं काही नाही.

जेवणाची काळजी नको, तमिळ खाणावळींत इडली, दोसा, वडा, इडियाप्पम सगळं मिळतं. अडचण वेगळीच आहे: सुकवलेल्या माशाचा चुरा. नारळाच्या चटणीसारखं लाल पोळ सांबोल, डाळ, कधी भाजीसुद्धा या चुऱ्याची असते, आणि ‘शाकाहारी’ म्हटल्यावर वाढणाऱ्याला तो आठवेलच असं नाही. सिंहलीत त्याला उंबलकड म्हणतात, तमिळमध्ये मासी. ऑर्डर देताना हे दोन शब्द उच्चारून ‘नको’ म्हणा, आणि सांबोल ताटात पडण्याआधी प्रत्येक वेळी पुन्हा विचारा.