‘अद्यतने तपासावीत’ की ‘अद्यतने आली आहेत का ते पाहावे’?

एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील सर्व्हर सांभाळणाऱ्या वाचकाने विचारले आहे, की सहकाऱ्यांसाठी मराठीत सूचनापत्रक तयार करताना त्यांनी ‘सर्व्हरवर स्थापित न करता उपलब्ध अद्यतने तपासावीत’ असे वाक्य लिहिले (अद्यतन म्हणजे संगणकावरील प्रणालीची नवी, सुधारित आवृत्ती, इंग्रजीतील ‘अपडेट’), तेव्हा एका सहकाऱ्याने ‘तपासायचे म्हणजे नेमके काय करायचे?’ असा प्रश्न केला. हे वाक्य बरोबर आहे का, आणि ‘अद्यतन’ऐवजी ‘अद्ययावत करणे’ वापरले तर ते अधिक सोपे होईल का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

माझ्या मते सहकाऱ्याची शंका अगदी योग्य आहे आणि तिचे मूळ ‘तपासणे’ या क्रियापदात आहे. मराठीत जी वस्तू तपासायची ती आधीपासून समोर असावी लागते. शिक्षक उत्तरपत्रिका तपासतात, डॉक्टर रुग्णाला तपासतात, तपासनीस तिकीट तपासतो. या सर्व ठिकाणी वस्तू हातात आहे आणि ती बरी की वाईट, खरी की खोटी, एवढेच ठरवायचे आहे. वस्तू आली आहे की नाही हेच ठाऊक नसेल, तर आपण वेगळे बोलतो. ‘टपाल आले का ते पाहा’ आणि ‘टपाल तपासा’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली, की फरक लगेच कानाला जाणवतो: पहिल्यात पेटीत डोकावायचे आहे, दुसऱ्यात पाकिटे उघडून आतला मजकूर पारखायचा आहे. इंग्रजी ‘चेक’ला मागे ‘फॉर’ जोडले, की ते डोकावण्याच्या अर्थाने चालते. मराठी ‘तपासणे’ला अशी जोड देता येत नाही, म्हणून भाषांतरात तो अर्थ गळून पडतो.

‘मी मेल तपासले’ हा प्रयोग आता रुळला आहे, हे मान्य करायला हवे, आणि तेथे गैरसमज झाला तरी कोणाचे काही बिघडत नाही. सर्व्हरच्या कामात मात्र ‘अद्यतने तपासणे’ हे एक स्वतंत्र आणि महत्त्वाचे काम खरोखरच असते. नवी अद्यतने आधी चाचणीच्या यंत्रावर बसवून ग्रंथालयाची प्रणाली नीट चालते का हे पाहणे आणि मगच ती मुख्य सर्व्हरवर घेणे, या कामाला ‘तपासणे’ हाच नेमका शब्द आहे. तो नुसत्या डोकावण्यासाठी खर्च केला, तर या दुसऱ्या कामासाठी आपल्याजवळ शब्द उरत नाही.

‘स्थापित न करता’ या शब्दांच्या जागेकडेही लक्ष द्यावे. ‘स्थापित न करता उपलब्ध अद्यतने’ असे सलग वाचले, तर ती अद्यतने स्थापित न करताच उपलब्ध होतात, असाही अर्थ लागू शकतो. निषेधाची सूचना वाक्याच्या पोटात ठेवण्यापेक्षा शेवटी स्वतंत्र वाक्यात द्यावी; वाचणारा घाईत असला तरी ‘बसवू नयेत’ हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. आणि ‘स्थापित करणे’पेक्षा ‘बसवणे’ मला अधिक पसंत आहे. आपण नळ बसवतो, पंखा बसवतो, घट बसवतो, गणपती बसवतो. एखादी वस्तू आणून तिच्या जागी कायम करणे हा अर्थ या साध्या क्रियापदात पूर्णपणे आहे.

आता ‘अद्यतन’ आणि ‘अद्ययावत’. ‘अद्य’ म्हणजे आज, हे दोन्हींत समान आहे. ‘अद्ययावत’ म्हणजे आजपर्यंतचे. मराठीत तो शब्द ‘अद्ययावत रुग्णालय’, ‘अद्ययावत यंत्रसामग्री’ अशा ठिकाणी आधुनिक या अर्थाने पक्का झाला आहे. ‘अद्यतन’मधील ‘तन’ हा ‘पुरातन’, ‘सनातन’, ‘चिरंतन’ या शब्दांत दिसणारा प्रत्यय आहे, त्यामुळे मुळात ‘अद्यतन’ म्हणजे आजचे. पाणिनीच्या ‘अनद्यतने लङ्’ या सूत्रात आज न घडलेल्या भूतकाळासाठी याच शब्दाचे नकारार्थी रूप आले आहे. मुळात विशेषण असलेला हा शब्द मराठीत संगणकामुळे नाम झाला आणि त्याचे ‘अद्यतने’ असे अनेकवचनही होऊ लागले. मोजता येणाऱ्या वस्तूला नाव हवे असल्यामुळे मला यात काही वावगे वाटत नाही. ‘आज बारा अद्यतने आली आहेत’ असे म्हणता येते, ‘बारा अद्ययावत’ असे म्हणता येत नाही.

‘अद्ययावत करणे’ टाळण्याचे याहून मोठे कारण मात्र व्याकरणाबाहेरचे आहे. सर्व्हरवर चालणाऱ्या लिनक्स या कार्यप्रणालीच्या निरनिराळ्या वितरणांत, म्हणजे वेगवेगळ्या गटांनी तयार केलेल्या तिच्या रूपांत, ‘अपडेट’ हा एकच शब्द दोन वेगळ्या कामांसाठी वापरला जातो. डेबियन आणि उबुंटू या वितरणांवर ‘ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा दिली, तर सर्व्हरवरील एकही पॅकेज (एखाद्या प्रोग्रामच्या फायलींचा गठ्ठा) बदलत नाही. पॅकेजे जेथून उतरवली जातात त्या भांडारात कोणत्या आवृत्त्या आहेत याची यादी तेवढी नव्याने उतरवली जाते, आणि पॅकेजे प्रत्यक्षात बदलण्यासाठी ‘ॲप्ट अपग्रेड’ ही दुसरी आज्ञा द्यावी लागते. याउलट फेडोरा आणि रेड हॅटच्या कुळात ‘डीएनएफ अपडेट’ म्हटले, की ती आज्ञा होकार विचारते आणि तो मिळताच थेट बसवायलाच लागते. तेथे नुसते पाहण्यासाठी ‘डीएनएफ चेक-अपडेट’ अशी वेगळी आज्ञा आहे. म्हणजे पहिल्या घरातील ‘अपडेट’ हे बाजारात जाऊन भाव काढून येणे आहे, तर दुसऱ्या घरात तोच शब्द माल उचलून आणतो. दोन्हींचे भाषांतर ‘अद्ययावत करणे’ असे केले, तर वाचणाऱ्याला हा भेद कळण्याचा मार्गच राहत नाही.

मी पूर्वी काम केलेल्या एका कार्यालयात सूचनापत्रकावर ‘सर्व्हर अद्ययावत करून पाहावा’ असे लिहिले होते. लिहिणाऱ्याच्या मनात पाहणे होते, पण मराठीत ‘करून पाहणे’ म्हणजे प्रयत्नादाखल करणेच. नव्या सहकाऱ्याने ते केले. भर दुपारी डेटाबेसचे पॅकेज बदलले, सेवा थांबून पुन्हा सुरू झाली आणि नोंदी भरत असलेल्या लोकांचे अर्धवट काम गेले. त्याची चूक नव्हती; त्याने वाक्य बरोबर वाचले होते. तेव्हापासून या शब्दांविषयी मी फार आग्रही झालो आहे.

‘उपलब्ध’ या शब्दाची एक मेख सांगायला हवी. डेबियनच्या कुळात ‘ॲप्ट लिस्ट’ला ‘अपग्रेडेबल’ हा पर्याय जोडला, की बदलता येतील अशी पॅकेजे दिसतात, परंतु ती आज्ञा आपल्याच यंत्रावर साठवलेल्या यादीतून उत्तर देते. यादी महिनाभर ताजी केली नसेल, तर काही उपलब्ध नाही असे उत्तर येईल, आणि भांडारात मात्र सुरक्षेची अद्यतने येऊन पडलेली असतील. म्हणून मराठी सूचनेत ‘यादी ताजी करणे’ हा टप्पा वेगळा लिहिणे आवश्यक आहे.

‘ॲप्ट-गेट’ या ‘ॲप्ट’सारख्याच आज्ञेत ‘सिम्युलेट’ असाही पर्याय आहे, ज्यात बसवण्याचे सर्व टप्पे पडद्यावर दाखवले जातात, पण घडत काहीच नाही. याला मी ‘तालीम’ म्हणेन. ‘आभासी स्थापना’पेक्षा तो शब्द कोणालाही लगेच समजतो. त्या तालमीत प्रत्येक पॅकेजच्या ओळीची सुरुवात ‘इन्स्ट’ (‘इन्स्टॉल’चे लघुरूप) या अक्षरांनी होते आणि ती पाहून नवखा माणूस आपण सर्व बसवून टाकले की काय म्हणून घाबरतो, तेव्हा पत्रकात त्याचाही खुलासा एका ओळीत करावा.

आपल्या वाक्याऐवजी मी असे लिहिले असते: ‘प्रथम पॅकेजांची यादी ताजी करावी. त्यानंतर कोणती नवी अद्यतने आली आहेत ते पाहून त्यांची नावे व आवृत्ती क्रमांक दिनांकासह नोंदवहीत लिहावेत. या वेळी कोणतेही अद्यतन बसवू नये.’