लाकूड जळताना उष्णता कुठून येते? अणूंना एकमेकांशी जोडून ठेवणारे बंध तुटले की ऊर्जा सुटते, हे खरं का?

नाही. बंध तोडायला ऊर्जा लागते. ती सुटते नवे बंध जुळताना. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवतो. हा गैरसमज दरवर्षी नव्या वर्गात भेटतो, म्हणून सरळ हिशेबच मांडतो.

12 ग्रॅम शुद्ध कार्बन घ्या. त्याचे अणू सुटे करायला सुमारे 717 किलोज्यूल ऊर्जा लागते. तो जाळायला 32 ग्रॅम ऑक्सिजन हवा; त्याचे रेणू तोडायला आणखी 498. लागवडीचा खर्च झाला 1,215. मग दोघं जुळून कार्बन डायऑक्साइड होतो. हे बंध फार घट्ट, ते जुळताना सुमारे 1,608 हाती येतात. खर्च वजा जाता उरले 393. निखाऱ्याची धग ती हीच. (प्रत्यक्षात अणू असे एकदम सुटे होत नाहीत, पण बेरीज-वजाबाकी तीच येते.)

आधी खर्च, मग उत्पन्न. म्हणून काडी ओढावी लागते. एकदा पेटलं की पुढचा खर्च जळणाऱ्याच्याच धगीतून भागतो.

ऊर्जा नुसत्या लाकडात नसते, लाकूड आणि हवा या जोडीत असते. चुलीत पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) कोंबल्या की नुसता धूर, फुंकणी लावली की जाळ. ओल्या पऱ्हाट्या धुपत राहतात त्याचं कारण वेगळं: त्यांच्यातल्या किलोभर पाण्याची वाफ करण्यातच 2,260 किलोज्यूल जातात.

आणि जाळ दिसलाच पाहिजे असं नाही. एका वर्षी परतीच्या पावसात आमची सोयाबीनची गंजी भिजली. चार दिवसांनी आत हात घातला तर चटका बसला. सूक्ष्मजीव तेच करत होते, ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते. फक्त सावकाश, आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट नव्हती. अशी गंजी लगेच उसवून पसरायला हवी, नाहीतर दाणा काळा पडतो.

चुनकळीत, म्हणजे भाजलेल्या चुनखडीत, तर ऑक्सिजनचाही संबंध नाही. ती पाण्याशी जुळते आणि तापते. शुद्ध असेल तर किलोभर कळी तीन लिटर पाणी उकळीला आणेल. भट्टीत चुनखडी भाजताना घातलेल्या उष्णतेचाच तो काही भाग. दिवाळीआधी रंगाला चुना भिजवाल तेव्हा पाण्यात कळी थोडी थोडी टाका, कळीवर पाणी ओतू नका, आणि पोरांना दूर ठेवा. चुन्याचा शिंतोडा डोळा घालवू शकतो.