‘रिव्हर्ट’ म्हणजे अर्ज परत आला असं नव्हे, ते उत्तर मागतायत

नावदुरुस्तीच्या अर्जावर ‘काइंडली रिव्हर्ट विदिन सेव्हन डेज’ असा ईमेल आलाय, म्हणजे अर्ज परत येणार का, असं तुम्ही विचारलंय. नाही. ते तुमच्याकडून उत्तर मागतायत. आजच पाठवा.

मीही हेच धरून बसलो होतो. पोर्तुगीज काळातल्या नोंदीत वडिलांचं नाईक आडनाव ‘क्यू’ घालून लिहिलेलं, शाळेच्या दाखल्यात ‘के’. ईमेल आल्यावर शब्दकोश उघडला. ‘परत जाणे, पूर्वस्थितीला येणे.’ म्हटलं, कागद परत येतील, मग बघू. सात दिवस गेले आणि फाईल बंद! वाळपईहून दोन बस बदलून पणजी गाठली, खिडकीवर अर्थ विचारला. कोंकणीत उत्तर मिळालं, “बरयलां न्हय, रिव्हर्ट करात म्हूण.” म्हणजे, लिहिलंय ना, रिव्हर्ट करा म्हणून. बस्स, एवढंच. ‘उत्तर द्या’ एवढे दोन शब्द कुणी बोललं असतं तर नवा अर्ज, नवं प्रतिज्ञापत्र आणि चार महिने वाचले असते. अजून राग येतो.

बरं, शब्दकोशही चुकीचा नव्हता. लॅटिनमध्ये ‘रे’ म्हणजे परत, ‘व्हर्तेरे’ म्हणजे वळणं. संस्कृतातला ‘वृत्’ धातू त्याच मुळाचा. आवर्तन, निवृत्ती, आपलं ‘परतणं’सुद्धा त्यातूनच आलं. उत्तर देणं हा अर्थ भारत, सिंगापूर, मलेशियातल्या कचेऱ्यांत रुळला. इंग्लंड-अमेरिकेत सहसा जुनाच अर्थ घेतात, म्हणून हॉटेल-गेस्टहाऊसवाल्यांनी परदेशी पाहुण्यांना ‘वी विल रिव्हर्ट’ लिहू नये. सरळ ‘रिप्लाय’ लिहावं. माझं तर मत आहे की सरकारी पत्रातूनही हा शब्द काढून टाकावा.

मी ओळखतो ते असं: रिव्हर्ट तुम्ही करायचं असेल तर उत्तर द्यायचं. जमीन, दुकान किंवा पद रिव्हर्ट होणार असेल तर ते परत जाणार. भाडेपट्ट्यात ‘मुदतीनंतर जागा मालकाकडे रिव्हर्ट होईल’ असतं ते हेच. नोकरीत रिव्हर्ट केलं म्हणजे मूळ पदावर परत पाठवलं. मी वकील नाही, तेव्हा करारात हा शब्द दिसला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

उत्तर त्याच ईमेलखाली लिहा, दाखले जोडा. शिवाय एक प्रत हातोहात नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मागून घ्या. आणि सात दिवस ईमेलच्या तारखेपासून मोजा, तुम्ही वाचलात त्या दिवसापासून नव्हे.